मुलांजे सिडर: बी गोळा करण्यापासून वणवा अडवण्यापर्यंत

सूचिपर्णी म्हटलं की डोळ्यांसमोर हिमालय आणि बर्फ येतो. पण आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिण भागात, विषुववृत्तापासून जेमतेम सोळा अंशांवर, चहाच्या मळ्यांमधून एकदम उभा राहिलेला मुलांजे डोंगर आहे. त्याचं सर्वात उंच शिखर सापित्वा, ३,००२ मीटर. जगात फक्त या डोंगरावर एक सूचिपर्णी आपणहून उगवतो: मुलांजे सिडर, शास्त्रीय नाव विडरिंग्टोनिया व्हायटी. वनस्पतींचे अभ्यासक अलेक्झांडर व्हाइट यांनी १८९१ मध्ये त्याचे नमुने गोळा केले, म्हणून नावात ‘व्हायटी’. १९८४ मध्ये तो मलावीचा राष्ट्रवृक्ष झाला. आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. लाकूड सुवासिक, वाळवी न लागणारं आणि पाण्यात टिकणारं, त्यामुळे घरांपासून होड्यांपर्यंत सगळ्यासाठी तोडलं गेलं.

सिडर हे नाव फसवं आहे. हे झाड देवदाराच्या नव्हे, सायप्रसच्या कुळातलं. मातीतली बुरशी आणि मावा, दोन्हींच्या बाबतीत पुढे या कुळाचाच संबंध येणार आहे.

हे झाड डोंगरावर पुन्हा उभं करायचं, तर रोपं तयार करणं हा त्या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग लागवडीनंतर सुरू होतो, कारण हे झाड जळालं की बुंध्यातून परत फुटत नाही. म्हणून खाली रोपवाटिकेइतकीच जागा आगीला आणि जागेच्या निवडीला दिली आहे.

आधी झाड ओळखा

मुलांजेवर याच विडरिंग्टोनिया गटातलं दुसरं भावंड आहे, विडरिंग्टोनिया नोडिफ्लोरा. कोवळेपणी दोन्ही सारखी दिसतात आणि बी गोळा करताना गल्लत इथेच होते. नोडिफ्लोरा आगीनंतर बुंध्यातून फुटते, त्यामुळे बहुधा एका जागी अनेक खोडांचं झुडूप असतं आणि ते उघड्या, खडकाळ, वारंवार जळणाऱ्या उतारांवर दिसतं. व्हायटीचं खोड एकच, सरळ. जुनी झाडं ४० मीटरपर्यंत जातात. शंका आली तर बुंधा पाहा. जमिनीलगत जाडजूड गाठ आणि तिच्यातून निघालेले फुटवे दिसले, तर ते झाड सोडून द्या. चुकीच्या झाडाचं बी रोपवाटिकेत शिरलं, तर दीड वर्ष चुकीच्या रोपांना पाणी घालण्यात जातं.

पानांनी गोंधळ वाढतो. लहान रोपाला सुईसारखी, मोकळी पानं येतात. मोठ्या झाडावर ती दीड मिलिमीटरच्या खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात. दोन-तीन वर्षांच्या रोपावर दोन्ही प्रकार एकत्र दिसले तर तो रोग नव्हे, वयात येण्याची खूण आहे.

अधिवास: नक्की कुठे आणि का

नैसर्गिक सिडर साधारण १,८०० ते २,५५० मीटरच्या पट्ट्यात, डोंगरमाथ्यावरच्या लिचेन्या, सोम्बानी, थुचिला यांसारख्या पठारी खोऱ्यांत आणि त्यांच्या कडेच्या घळींमध्ये असतं. घळी दोन गोष्टी देतात. एक ओल. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, पण मे ते जुलैमध्येही आग्नेयेकडून थंड धुकं आणि भुरभुर येते. मोझांबिकमधल्या एका डोंगराच्या नावावरून तिला ‘चिपेरोनी’ म्हणतात. दुसरं म्हणजे आगीपासून आडोसा. गवताळ पठारावरची आग ओल्या घळीच्या तोंडाशी येऊन बऱ्याचदा विझते.

इथे एक विरोधाभास आहे, तो समजला नाही तर लागवडीची जागा चुकते. सिडर सदाहरित जंगलाच्या कडेला वाढतं, पण त्याच जंगलाच्या दाट सावलीत त्याची रोपं तगत नाहीत. त्यांना ऊन आणि उघडी माती लागते. पूर्वी फार वर्षांनी एखादी आग किंवा पडझड मोकळी जागा करून द्यायची आणि तिथे एकाच वयाची झाडी उभी राहायची. म्हणजे आग पूर्णपणे शत्रू नाही. शत्रू आहे ती दर दोन-चार वर्षांनी येणारी आग. पहिल्या आगीनंतर उगवलेली रोपं बी धरण्याआधीच दुसरी आग आली, तर त्या घळीतला वंश संपतो. डोंगरउतारांवर शिकारीसाठी किंवा इतर कारणांनी लावलेली आग ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत वर चढते, आणि घडतं ते नेमकं हेच.

बी

मुलांजे हे १९२७ पासूनचं राखीव वन आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बी धरणाऱ्या शंकूलाही हात लावू नये. डोंगरावर बी देणारी मोठी झाडं इतकी कमी उरली आहेत की मलावीतल्याच झोंबा पठारासारख्या ठिकाणी पूर्वी लावलेल्या झाडांचं बीही मोलाचं आहे.

शंकू साधारण दोन सेंटिमीटरचा असतो, चार जाड पाकळ्यांचा. हिरवा शंकू काढू नका, आतलं बी दुधाळ असतं. पूर्ण उघडलेलाही उपयोगाचा नाही, बी वाऱ्याबरोबर गेलेलं असतं. हिरवा रंग जाऊन करडा-तपकिरी झालेला आणि पाकळ्यांच्या सांध्यात केसाएवढी रेघ दिसणारा शंकू हवा. झाड न तोडता, फांदी न मोडता, लांब दांड्याच्या कात्रीने काढावा. एका झाडावरच्या तयार शंकूंपैकी पाचवा हिस्सा घेतला तरी पुष्कळ झाला.

खूप बी असण्यापेक्षा खूप झाडांचं बी असणं महत्त्वाचं. दोन भरघोस झाडांखालून पोतं भरणं सोयीचं असतं, पण त्यातून निघालेली सगळी रोपं एकमेकांच्या जवळच्या नात्यातली असतात आणि पुढच्या पिढीत बी पोकळ निघण्याचा धोका वाढतो. बीजसंकलनाचा सर्वसाधारण नियम ५० झाडांचा आहे. इतकी मिळणार नाहीत, पण जेवढी मिळतील तेवढ्या प्रत्येकाची पिशवी वेगळी ठेवा आणि तिच्यावर झाडाचा क्रमांक, खोरं, उंची आणि तारीख लिहा.

शंकू सावलीत, चटईवर एक थर पसरून वाळवावेत. आठवड्याभरात चारही पाकळ्या फुलासारख्या उघडतात. हलवलं की पंख असलेलं काळपट बी पडतं. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळवलं तर शंकू लवकर उघडतो, पण बी भाजतं. उंदीर या बियांवर टपलेले असतात, म्हणून चटई जमिनीवर नको, टांगलेल्या चौकटीवर हवी.

पाण्यात बुडवून भरीव-पोकळ ओळखण्याची रीत इथे भरवशाची नाही. पंखांत हवा अडकते आणि चांगलं बीही तरंगतं. त्याऐवजी प्रत्येक पिशवीतलं २० बी ब्लेडने उभं कापा. आत पांढरा, घट्ट, तेलकट गर दिसला तर बी चांगलं. पिवळा, सुकलेला किंवा रिकामा दिसला तर वाईट. वीसपैकी आठच चांगले निघाले, तर त्या पिशवीतलं बी अडीचपट पेरावं लागेल, एवढं साधं गणित आहे. लगेच पेरणार नसाल तर पूर्ण वाळवून, हवाबंद बरणीत, फ्रीजमध्ये ५ अंशांच्या आसपास ठेवा. अर्धवट वाळलेलं बी बरणीत बंद केलं तर महिन्याभरात बुरशीचा वास येतो.

पेरणी

बियाला सुप्तावस्था नाही, त्यामुळे उकळतं पाणी, आम्ल वगैरे उपचार करू नयेत. साध्या पाण्यात २४ तास भिजवणं पुरे. खरी अट तापमानाची आहे: २० अंशांच्या आसपास उगवण चांगली होते. पायथ्याच्या गावांमधल्या रोपवाटिका ६००–७०० मीटरवर असतात आणि तिथला ऑक्टोबर भट्टीसारखा असतो. म्हणून पेरणी मे-जूनच्या थंडीत करा. मग पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे १८ महिन्यांनी, रोप डोंगरावर जायला तयार होतं.

पेरणीच्या ट्रेमध्ये दोन भाग धुतलेली जाडी वाळू आणि एक भाग चाळलेली माती घ्या. मातीवर आधी उकळतं पाणी ओतून ती थंड होऊ द्या. बी आडवं ठेवून वर तीन ते पाच मिलिमीटर वाळू भुरभुरा. एक सेंटिमीटरखाली गेलेलं बी उगवतं, पण वर येईपर्यंत दमतं. निम्म्या सावलीचं शेडनेट घाला आणि पाणी सकाळी, बारीक छिद्रांच्या झारीने द्या. तीन ते सहा आठवडे उगवण चालू राहते. एकदम सगळं उगवलं नाही म्हणून ट्रे पालथा करू नका.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान मर रोगाने होतं. काल ताठ असलेलं रोप आज जमिनीलगत आडवं पडलेलं असतं. जवळून पाहिलं तर खोड मातीच्या रेषेवर पाण्याने चेपल्यासारखं, दोऱ्याएवढं बारीक झालेलं दिसतं, वरची पानं अजून हिरवीच असतात. कारण जवळजवळ नेहमी हेच: संध्याकाळचं पाणी आणि दाट पेरणी. आडवी रोपं भोवतालच्या दोन बोटं मातीसकट काढून टाका, दोन दिवस पाणी तोडा, सावली कमी करा. बुरशीनाशक मारून पाणी तसंच चालू ठेवलं तर रोग पुन्हा येतो.

विरजणमाती

रोपं तीन-चार सेंटिमीटरची झाली, बीजपानांच्या वर सुयांचा पहिला झुपका आला, की पिशवीत हलवा. उशीर केला तर सोटमूळ लांबतं आणि हलवताना दुमडतं. इंग्रजी ‘जे’सारखं वाकलेलं मूळ तेव्हा काही त्रास देत नाही. पाच-सहा वर्षांनी, वाऱ्यात, झाड मुळाशी मोडतं तेव्हा त्याचं कारण कळतं.

पिशवी १० बाय १५ सेंटिमीटरची, खाली भोकं पाडलेली. मिश्रणात तीन भाग जंगलातली वरची माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. आणि या सगळ्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, जिवंत सिडरच्या मुळांजवळून आणलेली माती. दुधाला विरजण लावावं तसं हे आहे. या मातीत सिडरच्या मुळांशी सोयरीक करणारी बुरशी असते. ती मुळांना स्फुरद आणि पाणी मिळवून देते. विरजण न लागलेलं रोप सहा महिन्यांनीही बोटभरच राहतं, सुया जांभळट पडतात आणि खत कितीही वाढवलं तरी फरक पडत नाही.

पाइनची रोपं वाढवलेले लोक इथे सवयीने पाइनखालची माती आणतात. ती चालत नाही. पाइनच्या मुळांवरची बुरशी वेगळ्या गटातली आहे, ती मुळाला बाहेरून म्यानासारखी वेढते. सायप्रस कुळाला मुळांच्या पेशींच्या आत शिरणारी बुरशी लागते.

माती आणताना झाड निरोगी आहे ना, ते पाहा. शेंडा वाळत चाललेल्या झाडाखालची माती मूळकूज घेऊन येऊ शकते. वरचा पाचोळा बाजूला सारून पाच ते पंधरा सेंटिमीटर खोलीवरची, बारीक मुळांसकट माती घ्या, एका झाडाभोवतीच्या चार-पाच जागांवरून थोडी थोडी. खड्डा लगेच बुजवा. ही माती उन्हात वाळवू नका आणि उकळतं पाणी तर अजिबात ओतू नका, विरजण मरेल. दोन आठवड्यांच्या आत वापरा. एकदा रोपवाटिकेत चांगली रोपं तयार झाली की डोंगरावरून माती आणण्याची गरज उरत नाही: नाकारलेल्या, पण निरोगी रोपांच्या पिशव्यांतली माती पुढच्या वर्षी विरजण म्हणून चालते.

वर्षभराची निगा

पहिले दोन महिने निम्मी सावली, पुढे हळूहळू कमी, आणि शेवटचे तीन महिने उघडं ऊन. दर सहा-आठ आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदला, म्हणजे खाली जमिनीत शिरलेली मुळं तुटतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक ठिकाणी टाळलं जातं. मग लागवडीच्या दिवशी पिशवी ओढून काढावी लागते, निम्मी मुळं जमिनीत राहतात आणि डोंगरावर पंधरा दिवसांत रोप तांबडं पडतं.

डोंगरावर न्यायचं रोप २५ ते ४० सेंटिमीटर उंच, बुंधा पेन्सिलीएवढा जाड. साठ सेंटिमीटरचं, सावलीत ओढलेलं रोप दिसायला छान दिसतं, पण पठारावरच्या वाऱ्यात झोपतं.

जागा आणि लागवड

जुन्या सिडरचे बुंधे किंवा उभी वाळलेली खोडं दिसतात, ती जागा आधी बघा. लाकूड कुजत नसल्याने ही खोडं खूप वर्षं उभी राहतात आणि झाड कुठे मानवत होतं हे स्वतःच सांगतात. सदाहरित जंगलाची कड, घळीचं तोंड, निचरा होणारा उतार, दिवसाचं निदान अर्धं ऊन, अशी जागा हवी. खोऱ्याचा अगदी तळ टाळा: जून-जुलैत तिथे रात्रीची थंड हवा साचते, दव गोठतं आणि कोवळे शेंडे काळे पडतात. दहा मीटर वर चढलं तरी हा प्रश्न मिटतो.

जागा आधी साफ करावी लागते. मेक्सिकोचा पाइन, पायनस पॅट्युला, विसाव्या शतकात इथे लावला गेला आणि आता बेसुमार पसरला आहे. त्याची लहान रोपं ओल्या मातीतून हाताने उपटा. मोठी झाडं सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली कापा. एक फांदी शिल्लक राहिली तरी तिचाच नवा शेंडा होतो. दुसरा त्रास पिवळ्या हिमालयीन रासबेरीचा. हे काटेरी झुडूप आपल्याकडच्या डोंगरांतून तिकडे गेलं आहे. नुसतं छाटलं तर दुप्पट फुटतं, मुळासकट खणूनच काढावं लागतं. ब्रॅकन नेचा उपटू नका, पावसाळ्यात दोनदा काठीने झोडपून मोडा. मोडलेला देठ जमिनीखालच्या खोडाची ताकद खातो.

डिसेंबरमध्ये दोन-तीन चांगले पाऊस पडून माती वीतभर ओली झाल्यावर लागवड करा, जानेवारी अखेर संपवा. उशिरा लावलेल्या रोपाची मुळं कोरड्या मोसमाआधी खोल जात नाहीत. ओली पिशवी पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे २५ रोपांचं ओझं १८–१९ किलो. हजार मीटरहून अधिक चढायचं आहे, तेही निसरड्या वाटेने. एका माणसाला यापेक्षा जास्त देऊ नका. दमलेला माणूस ओझं आपटतो, आतला मातीचा गोळा फुटतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

खड्डा ३० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. वरची माती वेगळी काढून आधी तळाला घाला. पिशवी ब्लेडने चिरून पूर्ण काढा आणि ती परत खाली न्या. मोजणी पिशव्यांचीच करावी, म्हणजे किती रोपं पिशवीसकट गाडली गेली ते कळतं. रोपाची मान जमिनीच्या पातळीला. रासायनिक खत नको, विरजण बिघडतं आणि गवत माजतं. अंतर तीन मीटर. सलग हेक्टरभर लावण्यापेक्षा पाच बाय पाचचे, २५ रोपांचे गट वेगवेगळ्या घळींत विखुरणं शहाणपणाचं, कारण एक आग सगळे गट एकदम नेऊ शकत नाही.

वणवा

जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, मे-जूनमध्ये, गवत अर्धवट हिरवं असतानाच काढायची. प्रत्येक गटाभोवती, उताराच्या खालच्या अंगाला दहा मीटर आणि बाकी बाजूंना पाच मीटर, गवत मुळापर्यंत खरवडून. कापलेलं गवत रेषेतच टाकून येणं ही नेहमीची चूक. ती मग जाळरेषा न राहता वात होते. गवत रेषेबाहेर, खालच्या बाजूला नेऊन पसरा. रोपाभोवती एक मीटरचं वर्तुळ खुरपून उघडं ठेवा. पेंढ्याचं आच्छादन ओल धरतं हे खरं, पण इथे नको. ऑगस्टमध्ये जाळरेषा पुन्हा एकदा झाडून घ्या, कारण तोवर वाऱ्याने पाचोळा साचलेला असतो. हे दरवर्षी करायचं आहे. तिसऱ्या वर्षी पैसे संपले म्हणून जाळरेषा राहिली, की आधीची दोन वर्षं फुकट.

मावा

सायप्रसचा मावा, सिनारा, मलावीत १९८६ मध्ये आढळला आणि सिडरचं मोठं नुकसान झालं. तपकिरी-करड्या रंगाचा, फांदीच्या आतल्या बाजूला, सालीलगत ओळीने बसतो, म्हणून वरवर पाहून सापडत नाही. खुणा आधी दिसतात: फांद्यांवर चिकटा, त्यावर काजळी बुरशी, मुंग्यांची ये-जा आणि मग आतून बाहेर वाळत जाणारी फांदी. पाणी कमी पडल्याने वाळणारं रोप शेंड्याकडून वाळतं. हा फरक लक्षात ठेवा. लागण झालेली फांदी कापून पिशवीत बांधून न्या. सरसकट कीटकनाशक फवारू नका: या माव्याला आवरण्यासाठी १९९० च्या दशकात पॉएसिया ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली छोटी परोपजीवी माशी आणून सोडली होती, फवारणीत तीच आधी मरते. फुगलेला, निर्जीव, कागदासारखा मावा फांदीवर चिकटलेला दिसला, तर माशीचं काम चालू आहे, तिला करू द्या. रोपवाटिकेत मावा दिसला तर त्या वाफ्यातलं एकही रोप त्या वर्षी डोंगरावर पाठवू नका.

मोजणी

लागवडीनंतर तीन महिन्यांनी, पहिला कोरडा मोसम संपताना आणि मग दरवर्षी. नुसता मेलेल्यांचा आकडा लिहू नका, मेलेलं रोप उपटून पाहा. मुळं पिशवीच्या आकारातच राहिली असतील तर पाऊस कमी पडला किंवा लागवड उशिरा झाली. मूळ काळं, साल हाताला सुटून येणारी असेल तर पाणी साचलं. जमिनीलगत तिरकं, स्वच्छ कापलेलं असेल तर ते कुरतडणाऱ्या प्राण्याचं काम. ज्या गटात निम्म्याहून जास्त रोपं पाणी साचून गेली, तिथे पुन्हा लावू नका, जागाच बदला.

प्रत्येक रोपाचा क्रमांक अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून घ्या, शाई दोन पावसांत जाते. पट्टी रोपाच्या खोडाला बांधायची नाही, खोड जाडावलं की तार सालीत रुतते. रोपाच्या चढाकडच्या बाजूला वीतभर अंतरावर लोखंडी सळई रोवा आणि तिला बांधा. लाकडी खुंटी आगीत जाते, आणि मग कोणत्या मातृवृक्षाचं रोप जळलं तेही कळत नाही.